संगमानंतरचं नाव

हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि तिथून पुढे वारणेचं नाव कोणी घेत नाही. वर कराडला प्रीतिसंगमावर कोयनेचं तेच होतं, त्याच्याही वर माहुलीला वेण्णेचं. पाणी सगळ्याच नद्यांचं खाली येतं, पण संगमाखालच्या घाटावर उभा असलेला माणूस 'कृष्णेला पाणी आलं' एवढंच म्हणतो.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, असाच एक संगम जानेवारी २०१८ मध्ये झाला. घरगुती राउटरवर चालणारी 'ओपनडब्ल्यूआरटी' ही लिनक्स प्रणाली तेव्हा चौदा वर्षांची झाली होती. कामाच्या पद्धतीवरून मतभेद होऊन २०१६ मध्ये तिच्यातले बरेच विकासक बाहेर पडले होते आणि त्यांनी 'लेडे' नावाचा फाटा काढला होता. दोन्ही प्रवाह पुन्हा एकत्र आले तेव्हा कोड आणि कामाची पद्धत चालू राहिली ती लेडेची, नाव मात्र राहिलं ओपनडब्ल्यूआरटी. लोकांच्या तोंडात तेच बसलं होतं, जुन्या माहितीपानांवर आणि उपकरणांच्या याद्यांवर तेच लिहिलेलं होतं. त्या नावाचा उगम पाहिला तर तो लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या एका राउटरमध्ये सापडतो. तो राउटर दुकानांतून जाऊन जमाना झाला. त्याच्या नावाचा तुकडा अजून शेकडो वेगवेगळ्या उपकरणांवर चालतो आहे.

म्हणून नेटवर्किंगच्या प्रकल्पाचं नाव ठरवण्याचं काम मला फार गांभीर्याने घेण्याजोगं वाटतं. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी होतं. सॉफ्टवेअरचं बारसं त्याच्याही आधी, म्हणजे कोड पहिल्यांदा चारचौघांत ठेवण्याआधी व्हायला हवं. एकदा तो बाहेर गेला की नाव कुठेकुठे जाऊन बसतं याची यादी करून बघा: रिपॉझिटरीचा (कोड ठेवण्याच्या जागेचा) पत्ता, पॅकेजचं नाव, कमांड, मागे चालणाऱ्या डीमनचं नाव, सेटिंगच्या फायलींचं फोल्डर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा आरंभ, सिस्टमडीची (लिनक्सवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) युनिट फाइल, लॉगमधली प्रत्येक ओळ, डॉकरची (प्रोग्राम डब्यात बंद करून चालवणाऱ्या साधनाची) इमेज, डोमेन, आणि गो भाषेत लिहिलं असेल तर दर फाइलच्या डोक्यावरचा इम्पोर्टचा मार्ग. ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या मुक्त प्रणालीच्या नेटवर्किंग भागाचं नाव आधी 'क्वांटम' होतं. त्या नावाचा ट्रेडमार्क दुसऱ्या कंपनीकडे असल्याने २०१३ मध्ये ते 'न्यूट्रॉन' करावं लागलं. मॉड्यूलचा मार्ग, क्लायंटचं पॅकेज, सेटिंगचं फोल्डर, सगळं बदललं. नाव बदललं की दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टा मोडतात, आणि त्या कुठे-कुठे आहेत हे आपल्याला माहीत नसतं.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे, कराडला आणि साताऱ्यालाही नेटवर्कचा कोड लिहिणारी मुलं आहेत. त्यांच्यासमोर असेल असा एक प्रकल्प समजू. एका वाडीवर एकच इंटरनेट जोडणी आहे आणि घरं पन्नास. संध्याकाळी सात वाजता दोन घरांत सिनेमा डाउनलोड होऊ लागला की उरलेल्या अठ्ठेचाळीस घरांत फोनवरचा आवाज तुटतो. लिनक्सच्या गाभ्यात यावर उपाय आहेत, 'एफक्यू-कोडेल' आणि 'केक' या रांगा लावण्याच्या पद्धती. आपला प्रोग्राम त्यांच्यावर बसून घरवार हिशेब ठेवतो आणि प्रत्येकाला न्याय्य वाटा देतो. याला नाव काय द्यायचं?

या कामाचे शब्द इथल्या शिवारात तयार आहेत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढतं, कालव्यातून चारीत येतं, चारीतून सरीत. कोणाला कधी पाणी हे पाळीने ठरतं. पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस तो पाटकरी. आपली पाळी आली की रात्री-अपरात्री शेतात जाऊन दारं धरायचं. नेटवर्कच्या पुस्तकात ज्याला 'लीकी बकेट' म्हणतात, म्हणजे तळाला भोक असलेली बादली, तिच्या जवळची आपली वस्तू मोट. एका फेऱ्यात ठरावीक पाणी वर येतं, जास्त घाई केली तरी मोटेत मावतं तेवढंच. मर्यादित पुरवठा, खूप वाटेकरी आणि शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसाचं गाऱ्हाणं, हे तिन्ही प्रश्न शेतकऱ्याने आणि नेटवर्क चालवणाऱ्याने सारखेच सोसलेले आहेत. तेव्हा नाव इथूनच उचलावं असं माझं ठाम मत आहे. पण उचललेला प्रत्येक शब्द कसून तपासावा लागतो.

मोटेपासूनच सुरुवात करू. नाव लहान, अर्थ चपखल, रोमन लिपीत तीन अक्षरं: एम, ओ, टी. आता नेटवर्कच्या जगातला एक रिवाज लक्षात घ्या. मागे अखंड चालणाऱ्या प्रोग्रामच्या नावाला शेवटी 'डी' जोडतात, डीमनचा डी. मोटेला डी जोडला की होतं 'एमओटीडी', आणि युनिक्सच्या जुन्या परंपरेत याचा अर्थ ठरलेला आहे: लॉगिन केल्यावर दिसणारा त्या दिवसाचा संदेश. ईटीसी फोल्डरात या नावाची फाइल पुष्कळ लिनक्स यंत्रांवर सापडते. शिवाय कोणी उच्चाराप्रमाणे शेवटी 'ई' लावला तर 'मोट' ची 'मोट-ई' होते, आणि वायरलेस सेन्सरच्या जाळ्यातल्या एकेका गाठीला इंग्रजीत हाच शब्द वापरतात. मोट बाद. तेव्हा नावाची यादी करताना प्रत्येक नावापुढे त्याचं डी लावलेलं रूपही लिहावं आणि तेही तपासावं.

तशीच दुसरी चाळणी लांबीची. लिनक्समध्ये नेटवर्कच्या इंटरफेसच्या (यंत्राच्या नेटवर्क-जोडणीच्या) नावाला १६ बाइट राखलेले असतात, त्यातला शेवटचा शून्यासाठी जातो, उरतात १५. चालू प्रोग्रामचं गाभ्यातलं नावही १५ बाइटांवर छाटलं जातं. म्हणून लांब नावाचा प्रोग्राम 'पीग्रेप' या शोधण्याच्या कमांडने पूर्ण नाव देऊन शोधला तर सापडत नाही आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. इंटरनेटवरच्या सेवांची नावं नोंदवण्याचे नियम आरएफसी ६३३५ या इंटरनेटच्या नियमपत्रात आहेत. तिथेही मर्यादा १५ अक्षरांचीच, फक्त रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ, निदान एक अक्षर हवंच, आणि जोडरेघ सुरुवातीला, शेवटी किंवा लागोपाठ दोनदा चालत नाही. तीन वेगळ्या जागी एकच आकडा यावा हे सोयीचं आहे, पण पंधराही वापरायला मिळत नाहीत. आपल्या नावाने इंटरफेस काढायचा असेल तर मागे क्रमांक लागतो. त्यावर व्हीलॅन (त्याच जोडणीवरचं वेगळं केलेलं जाळं) काढला की टिंब आणि ४०९४ पर्यंतचा आकडा लागतो, म्हणजे आणखी पाच अक्षरं. उरली दहा. क्रमांकाचं एक वजा केलं की नऊ. नऊ अक्षरांच्या आत बसणारं नाव घ्या, पुढे कधीच अडचण येणार नाही. डॉकरने ही मर्यादा काठोकाठ वापरली आहे: त्याच्या ब्रिजचं नाव 'बीआर', जोडरेघ आणि बारा अक्षरांचा ओळखक्रमांक, बरोबर पंधरा. वायरगार्ड या व्हीपीएनची कमांड तर दोनच अक्षरांची आहे.

नाव देवनागरीतच ठेवलं तर? मनातून मला हे फार हवंसं वाटतं, म्हणून हिशेब करून पाहिला. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, सगळी चिन्हं वेगळी मोजायची. 'वारणा' म्हणजे व, काना, र, ण, काना: पाच चिन्हं, पंधरा बाइट, काठोकाठ बसली. 'कृष्णा' ची चिन्हं सहा, अठरा बाइट, म्हणजे बाहेर. 'पाटकरी' चीही सहा. पंधरा बाइटांवर छाटलं की शेवटची वेलांटी गळते आणि प्रोग्रामच्या यादीत 'पाटकर' असं कोणाचं तरी आडनाव दिसू लागतं. सेवांच्या नोंदीत तर देवनागरीला जागाच नाही. डोमेनमध्ये '.भारत' घेता येतं, पण यंत्राच्या आत तेही 'एक्सएन' आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या रोमन सांकेतिक रूपातच साठवलेलं असतं. तेव्हा आज तरी देवनागरी नाव माहितीपानाच्या माथ्यावर आणि चिन्हावर मानाने मिरवावं, कमांड रोमनमध्ये ठेवावी.

आणि रोमन म्हटलं की आपली खरी अडचण सुरू होते. ट आणि त एकच, ण आणि न एकच, ळ आणि ल एकच, व साठी दोन अक्षरं, काना कधी लिहायचा कधी नाही. वारणा पाहा. डब्ल्यूने लिहा, व्हीने लिहा, मधे आणखी एक 'ए' घाला, सगळी रूपं नकाशांवर सापडतात. व्हीने लिहिलेलं रूप अमराठी माणूस 'वर्ण' असं वाचतो, आणि बल्गेरियात त्याच स्पेलिंगचं शहर आहे. मिरजेच्या तंतुवाद्यांमुळे 'जवारी' हा शब्द मनात येतो. तानपुऱ्याच्या घोडीवरून तार किती सुटी बोलते ते जवारीवर ठरतं, आणि सूर लावून देणाऱ्या साधनाला याहून देखणं नाव मिळणार नाही. पण रोमनमध्ये ते ज्वारी होतं, आणि व्हीने लिहिलं की पहिली चार अक्षरं वाचून जगभरचे प्रोग्रामर त्याला जावा भाषेशी जोडतात. इतका नेमका शब्द सोडून द्यावा लागतो याचं वाईट वाटतं.

खुद्द मिरजेचं नावही मोहात पाडतं. एकेकाळी मिरज जंक्शनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज भेटत, आणि एका रुळावरचा माल उतरवून दुसऱ्यावर चढवावा लागे. आयपीच्या सहाव्या आवृत्तीतून चौथ्या आवृत्तीत भाषांतर करणारा गेटवे हेच काम करतो. पण 'मिरज' या उच्चाराच्या इतकं जवळ दुसरं नाव आधीच नांदतं आहे: 'मिराजओएस', आणि तोही मुक्त प्रकल्प, तोही नेटवर्कच्या सेवा चालवणारा. स्पेलिंग वेगळं असलं तरी कानाला फरक कळत नाही. त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाच्या अंगावर आपलं नाव नेऊन घालणं हे मला सौजन्याला धरून वाटत नाही, कायदा काहीही म्हणो.

नाव तोंडात कसं बसेल हे कागदावर कळत नाही. १९४० च्या दशकात या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, आणि लोकांनी त्याचं 'पत्री सरकार' केलं. तोंडात जे बसलं तेच गावोगाव गेलं. म्हणून एक साधी चाचणी सुचवतो. दहा माणसं घ्या, निम्मी मराठी नसलेली. त्यातल्या काहींना एसटी स्टँडवर गाड्यांच्या आवाजात उभं करा. फोनवर नाव एकदाच उच्चारा, स्पेलिंग सांगू नका, आणि ऐकलेलं टाइप करून पाठवायला लावा. आठ जणांचं स्पेलिंग एक आलं तर नाव घ्यायला हरकत नाही. पाच-सहाच आले तर स्पेलिंग बदलून नव्या दहा जणांवर पुन्हा करा. आधीच्या दहांना उत्तर माहीत झालेलं असतं.

'पाटकरी' घेतलं तर काय होईल ते आधीच मोजता येतं. पहिला 'आ' एका अक्षराने किंवा दोन अक्षरांनी, ट नंतर 'ए' लिहायचा किंवा नाही, शेवटची दीर्घ ई तीन प्रकारांनी: दोन गुणिले दोन गुणिले तीन, बारा रूपं. यांतलं एक निवडायचं आणि उरलेल्या अकरांतलं जे जास्त चुकीने लिहिलं जाईल ते पॅकेजच्या भांडारात राखून ठेवायचं, म्हणजे त्या नावाने कोणी खोटं पॅकेज टाकू शकणार नाही. मी पहिल्या 'आ' ला दोन अक्षरं देईन. एकाच अक्षराने लिहिलं तर निम्मे लोक 'पत्करी' वाचतील. आठ अक्षरं झाली, डी लावून नऊ. इंटरफेसचा क्रमांक आणि व्हीलॅन लावून चौदा.

जोडरेघ कुठेच नको. शेलच्या व्हेरिएबलच्या नावात ती चालत नाही, पायथनमध्ये इम्पोर्ट करताना चालत नाही, मग तिथे खालची रेघ घालावी लागते आणि एकाच वस्तूची दोन नावं तयार होतात. मोठी-लहान अक्षरं मिसळू नयेत. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजच्या नावात मोठी अक्षरं मुळातच चालत नाहीत.

मग शोध. इथे घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात, कारण ते फक्त सर्च इंजिनात नाव टाकून बघतात. 'पेव' घ्या. हरिपूरला जमिनीत खोल पेवं करून हळद साठवत असत. वरून माती, आत कोरडी हवा, वर्षानुवर्षं माल टिकायचा. वारंवार लागणारी माहिती जवळ साठवून देणाऱ्या कॅशेसाठी हा शब्द नेमका आहे. पण 'पीईव्ही' या नावाने विंडोजच्या एक्झिक्युटेबल फायली तपासणारा साधनसंच कित्येक वर्षं होता, आणि तो डेबियनमध्येही पॅकेज म्हणून आला. अशी टक्कर 'रिपॉलॉजी' वर लगेच दिसते. तिथे पुष्कळ वितरणांची पॅकेजं एकत्र शोधता येतात. त्यापुढे पायपीआय, एनपीएम, क्रेट्स, डॉकर हब, होमब्रू असे एकेक भांडार. पायपीआयवर लक्षात ठेवावं की जोडरेघ, खालची रेघ आणि टिंब ही तिथे एकच धरतात. शेवटी डेबियनवर 'एपीटी-फाइल' ने बिन फोल्डरातल्या फायलींची नावं शोधायची. पॅकेजचं नाव वेगळं आणि आतली कमांड आपल्याच नावाची, असं पुष्कळदा असतं.

ही शेवटची पायरी गाळली की काय होतं ते जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड-जेएसने पाहिलं. हौशी रेडिओवाल्यांच्या पॅकेट नेटवर्कसाठी 'नोड' नावाचा प्रोग्राम डेबियनमध्ये आधीपासून होता. कमांडचं नाव एकच असल्याने कित्येक वर्षं डेबियनवर नव्या प्रकल्पाची कमांड 'नोडजेएस' या नावाने बसायची. पहिल्या ओळीत 'नोड' लिहिलेल्या स्क्रिप्टा तिथे चालायच्या नाहीत आणि जुनं नाव जोडून देणारं वेगळं पॅकेज घालावं लागायचं.

स्थानिक नावांचा आणखी एक धोका बाहेरच्यांना दिसणार नाही. 'कोयना' हे नाव रोमनमध्ये पाच अक्षरांचं, उच्चाराला सोपं, सगळीकडे एकच स्पेलिंग. पण जुलै-ऑगस्टमध्ये सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतला प्रत्येक माणूस धरणाचा विसर्ग शोधत असतो. त्या गर्दीत आपल्या प्रोग्रामची चूक कशी दुरुस्त करायची हे शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. आणि 'कोयना बंद पडली', 'कोयना फुटली' अशी वाक्यं नेटवर्कवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात येणार. इथल्या लोकांना ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवतो, तेव्हा अशी वाक्यं नकोत.

कायद्याकडे वळताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. कोड मुक्त लायसन्सखाली दिला म्हणजे नावही दिलं असं होत नाही. अपाची लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत सहावं कलम हे स्पष्टच सांगतं. 'इथिरिअल' हा पॅकेट तपासणारा प्रोग्राम १९९८ पासून जगभर वापरात होता, कोड जीपीएल या मुक्त लायसन्सखाली. २००६ मध्ये त्याच्या मूळ कर्त्याने नोकरी बदलली. नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला, कोड त्याच्याबरोबर गेला आणि प्रकल्प 'वायरशार्क' झाला. टर्मिनलवरची 'टी-इथिरिअल' ही कमांड 'टी-शार्क' झाली. 'नेटसेंट' या देखरेख करणाऱ्या प्रोग्रामला ट्रेडमार्कच्या भीतीने २००२ मध्ये 'नागिओस' व्हावं लागलं. विंडोजबरोबर फायली वाटून घेऊ देणाऱ्या सांबाची गोष्ट मला विशेष आवडते. त्याचं नाव आधी 'एसएमबी-सर्व्हर' होतं, ते दुसऱ्या कंपनीचं निघालं, तेव्हा कर्त्याने यंत्रावरच्या शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातून 'सांबा' उचललं. एसएमबी या प्रोटोकॉलची खूण राहिली, नाव नवं झालं. अडचणीत सापडल्यावर इतकं चांगलं नाव क्वचितच मिळतं.

भारतात ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. आपल्याला लागणारे वर्ग तीन: डाउनलोड होणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ९, दूरसंचारासाठी ३८, सॉफ्टवेअरच्या सेवांसाठी ४२. रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात या तिन्ही वर्गांत नाव टाकायचं, आणि शब्दाप्रमाणे शोधून थांबायचं नाही, उच्चाराप्रमाणे शोधण्याची सोयही वापरायची, कारण सारख्या उच्चाराच्या नावावरही हरकत येते. 'सांगली राउटर' किंवा 'सातारा नेट' यांसारखी नावं टिकणं कठीण, कारण गावाचं नाव किंवा कामाचं नुसतं वर्णन कोणा एकाच्या नावावर सहसा करून देत नाहीत. सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना भौगोलिक मानांकन आहे, त्या नावांच्या वाटेला जाऊच नये. अर्ज ऑनलाइन केला तर व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. महाराष्ट्राचं काम मुंबई कार्यालयाकडे. जर्नलमध्ये नाव छापून आल्यापासून चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो, आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते. लहान प्रकल्पाने पहिल्याच दिवशी नोंदणी करावी असं मी म्हणणार नाही. शोध मात्र पहिल्याच दिवशी घ्यावा, तो घरी बसून घेता येतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाव कोणाच्या ताब्यात आहे हे लिहून ठेवणं. डोमेन एकाच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलेलं, तो नोकरीला परगावी गेला, मुदत संपल्याचं पत्र त्या जुन्या ईमेलवर गेलं, आणि पत्ता तिसऱ्याच कोणीतरी उचलला. हे फार साधं आणि फार वेळा होणारं नुकसान आहे. डोमेन, रिपॉझिटरीची संस्था आणि पॅकेजची खाती या तिन्हींवर निदान दोन मालक हवेत, आणि ते दोघे एकाच घरातले किंवा एकाच कंपनीतले नसावेत.

अर्थाची चाळणी मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथे नियम नाहीत, माणसं आहेत. १९९५ पासून चालत आलेला 'ब्रो' हा नेटवर्कवर नजर ठेवणारा प्रोग्राम २०१८ मध्ये 'झीक' झाला, कारण त्या शब्दाला मधल्या काळात पुरुषी टोळकेपणाचा वास लागला होता आणि नव्या लोकांना तो खुपत होता. आपल्या यादीत 'पाळी' हा शब्द होता. कालव्यावर तो रोजचा आहे, पण घरात त्याचा दुसरा अर्थ आहे, आणि वर्गातल्या एखाद्या मुलीला 'पाळी चालू केली का' असं कोणी विचारावं अशी वेळ आपण आणू नये. देवांची आणि पूज्य माणसांची नावंही नकोत. प्रोग्राम थांबवण्याच्या कमांडचं नावच 'किल' आहे, आणि बिघाड झाला की लॉगमध्ये त्या नावापुढे 'फेल्ड' छापलं जाणार. छत्रपतींच्या गादीच्या गावात बसून असं नाव कोणी ठेवू नये.

'आयर्विन' या नावावर मात्र मी बराच थांबलो. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वॉर्निंग' आणि 'क्रिटिकल' अशा दोन पातळ्या असतात, त्यांची इतकी अचूक प्रतिमा दुसरी नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या घरात आयर्विनचा आकडा अजून धडकी भरवतो. दर मध्यरात्री फोनवर इशारा पाठवणाऱ्या प्रोग्रामला ते नाव देणं मला जमणार नाही. पातळ्यांसाठी ४० आणि ४५ हे आकडे सुरुवातीला ठेवावेत, इथला माणूस ओळखेल.

उरतो पाटकरी. त्यालाही एक बाजू आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या माणसाचा पाटकऱ्यावर पूर्वापार राग, की वरच्यांचं भरेपर्यंत खालच्यांना पाणी येत नाही. म्हणून पाटबंधाऱ्यात 'टेल टू हेड' हा क्रम सांगतात, आधी शेवटच्या टोकाला, मग वर. आपल्या प्रोग्रामने हे नाव घेतलं तर हा क्रम त्याच्यावर बंधनकारक झाला. सिग्नल सगळ्यात कमकुवत असलेल्या शेवटच्या घराला वाटा आधी राखायचा आणि मग मनोऱ्याखालच्या घराला द्यायचा, असं कोडमध्ये लिहावं लागेल, आणि त्याची चाचणीही. नावातून कामाचा एक नियम निघतो, म्हणून मला हे नाव इतर सगळ्यांपेक्षा आवडतं. अर्थात वर सांगितलेला शोध त्यालाही लागू आहे, आणि शोधात कोणाचं निघालं तर सोडावं.

ठरलेलं नाव रिपॉझिटरीच्या पहिल्या फाइलमध्ये असं लिहून ठेवावं: 'नाव पाटकरी, रोमनमध्ये आठ लहान अक्षरं, पहिल्या पी नंतर दोन ए. ट चा उच्चार पाटातल्या ट सारखा. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी ठरलेल्या पाळीने शेतांना सोडणारा माणूस. डीमनच्या नावाला शेवटी डी, इंटरफेसला शेवटी क्रमांक, व्हेरिएबलचा आरंभ मोठ्या अक्षरांत. डोमेनचे मालक दोन, मुदत संपण्याची तारीख खाली. नाव आणि चिन्ह वापरण्याच्या अटी वेगळ्या फाइलमध्ये. शेवटच्या घराची चाचणी मोडत असेल तर नवी आवृत्ती काढू नये.'